सूचनाफलक नको, विचारणा हवी

सप्टेंबर जवळ आला की प्रत्येक गृहनिर्माण संस्थेत एकच तक्रार ऐकू येते, "मीटिंगला कुणी येतच नाही." ही तक्रार मीही अनेक वर्षे केली आहे, कारण मी आमच्या संस्थेचा सचिव होतो.

आमच्या इमारतीत 42 घरे आहेत. एका वर्षी वार्षिक सभेला 11 सभासद आले. गणपूर्तीसाठी अर्धा तास वाट पाहिली, मग उपविधींप्रमाणे तहकूब सभा भरवून टाकीची दुरुस्ती आणि देखभाल खर्चातील वाढ वीस मिनिटांत मंजूर करून टाकली. आठ दिवसांनी दुसऱ्या मजल्यावरच्या आपा वाढीव बिल हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. "भाई, तुम्ही आम्हाला कळवता, विचारत कधीच नाही," त्या म्हणाल्या. "नोटीस इंग्रजीत, लिफ्टजवळ. सभा मगरिबनंतर, ऐन स्वयंपाकाच्या वेळी. आम्ही यायचं कसं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. लोकांना आस्था नाही, असे मी सांगत फिरत होतो. खरे तर सगळे आम्ही चौघांनी आधीच ठरवलेले असे आणि बाकीच्यांनी फक्त हात वर करायचे असत. अशा सभेला कोण कशाला येईल?

डेन्मार्कमध्ये 'बोफेलेस्काब' नावाची सहनिवासाची पद्धत रुजली आहे. कोपनहेगनच्या उत्तरेला, हिलेरॉडजवळची सेत्तेदामेन ही तिथली सुरुवातीची वसाहत 1972 साली उभी राहिली. प्रत्येक कुटुंबाचे घर स्वतंत्र, स्वतःच्या स्वयंपाकघरासह. शिवाय एक सामायिक घर, जिथे शेजारी एकत्र जेवतात. स्वयंपाकाची पाळी सर्वांवर येते. बागेची, दुरुस्तीची, हिशेबाची कामे छोट्या गटांत वाटलेली असतात. यातली महत्त्वाची गोष्ट मला अशी वाटते की तिथे माणसे आधी कामात येतात आणि मग सभेत बोलतात. ज्याने टाकी धुतली, त्याला टाकीच्या खर्चाबद्दल मत असतेच.

आपल्या संस्था तशा नाहीत. आपण बिल्डरकडून फ्लॅट घेतो आणि शेजारी नशिबाने मिळतात. तरी ही गोष्ट इथे करता येते. आम्ही करून पाहिली. सभेची नोटीस मराठी आणि उर्दूत काढली आणि घरोघर जाऊन हातात दिली. वेळ रविवारी सकाळी अकराची ठेवली. मुलांसाठी गच्चीवर कॅरम मांडला. "काही मदत कराल का?" असे मोघम विचारणे सोडून "महिन्यातून एकदा पंपाची नोंद तुम्ही बघाल का?" असे विचारू लागलो. काम लहान, मुदत तीन महिने, नंतर पाळी दुसऱ्याची. नाही म्हणणाऱ्याला टोमणा मारायचा नाही, हेही ठरवले. पुढच्या सभेला 26 जण आले. भांडणेही झाली, पण त्या वर्षी बिलावरून कुणी माझ्या दारात आले नाही.

दोन गोष्टी मात्र अजून सलतात. व्यवस्थापक समितीत महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. आमच्याकडे त्या कागदावर भरल्या जात आणि बैठकीला त्यांचे शौहर येत. आपा समितीत आल्या तेव्हा त्यांनी पहिल्याच बैठकीत हिशेबाची वही मागितली. काहींना ते रुचले नाही. वही मात्र तेव्हापासून वेळेवर पूर्ण होते.

दुसरी गोष्ट भाडेकरूंची. आडनाव ऐकून घर नाकारले जाण्याचा अनुभव तुमच्यापैकी अनेकांनी घेतला असेल. तेव्हा आपण संविधानातल्या समतेची आठवण करून देतो, आणि ते योग्यच आहे. पण आपल्याच इमारतीत एकट्या राहणाऱ्या तरुणांना, परजिल्ह्यातून आलेल्या कुटुंबांना आपण कसे वागवतो? भाडेकरूला मतदानाचा हक्क नाही, हे खरे. पण पाणी त्याच्याही नळाला येते. त्याचे म्हणणे ऐकून घ्यायला कोणता कायदा आड येतो?

तरुण मित्रमैत्रिणींनो, तुमच्यातले अनेक जण मोर्चात येतात, निवेदने लिहितात, लोकशाहीवर पोटतिडकीने बोलतात. तुमच्या संस्थेची सभा 30 सप्टेंबरपूर्वी होणे बंधनकारक आहे. फ्लॅट वडिलांच्या नावावर असेल, तर त्यांच्याबरोबर अहवाल वाचा, त्यांना दोन प्रश्न लिहून द्या. फ्लॅट अम्मींच्या नावावर असेल, तर सभेला त्याच जातील असे बघा. नोटिशीचे मराठी करून द्या, एखादे लहान काम अंगावर घ्या. आणि समितीत असाल, तर यंदा नोटीस फलकावर लावून थांबू नका. जिना चढा, दार वाजवा आणि विचारा.