करमणुकीची वस्तू?

पक्षाघाताच्या आणि समतोल बिघडलेल्या रुग्णांना घरच्या व्यायामासाठी व्हिडिओ गेम शिकवता यावेत, म्हणून आपल्या फिजिओथेरपी संघटनेच्या काही सभासदांनी आपापल्या संस्थांकडे खरेदीचे प्रस्ताव पाठवले. ‘सदर बाब करमणुकीची असल्याने खरेदी अनुज्ञेय नाही’ असा शेरा मारून फायली परत आल्या. चिकाटीने पुन्हा पाठवल्या, तर दुसऱ्या टेबलाने वैद्यकीय उपकरणाचे प्रमाणपत्र मागितले. एक टेबल खेळणे म्हणते, दुसरे उपकरण म्हणते, आणि खरेदी कोणीच करत नाही. वर अधिकृत विक्रेत्याचा दाखला हवा! निन्टेन्डोचे २०१९ चे ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’ आपल्याकडे बहुतांशी आयात माल विकणाऱ्या दुकानांतून मिळते. तो दाखला द्यायचा कोणी?

जुन्या यंत्रांचे हाल वेगळेच. मायक्रोसॉफ्टने किनेक्ट या हालचाल टिपणाऱ्या सेन्सरचे उत्पादन २०१७ मध्ये थांबवले. बंद पडलेला सेन्सर निर्लेखित करायचा तर ‘दुरुस्ती अशक्य’ असे कंपनीचे पत्र लागते, आणि तो डेडस्टॉक रजिस्टरवर असेपर्यंत नव्याची मागणी करता येत नाही. निन्टेन्डोच्या वी या गेमयंत्राचा बॅलन्स बोर्ड तर २०१० मध्येच संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या फोर्स प्लेटशी ताडून पाहिला होता. उभ्या समतोलाच्या मोजणीत तो विश्वासार्ह ठरला. लेखा विभागाच्या दप्तरी मात्र तो अजून खेळणेच आहे.

लेखाधिकाऱ्यांनी नियमापलीकडे थोडे पाहावे, हे आम्ही ठामपणे म्हणतो. पण आमच्याकडे आलेल्या प्रस्तावांच्या प्रती वाचून आम्हाला सभासदांचाही राग आला. ‘रुग्णाला कंटाळा येत नाही’ एवढेच समर्थन! रुग्णाच्या कागदावर ‘रोज अर्धा तास गेम’. हा काय डोस झाला? २०१६ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीत आलेली एव्हरेस्ट चाचणी आठवा. पक्षाघाताचे १४१ रुग्ण. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला एका गटाला वी दिला, दुसऱ्याला तेवढाच वेळ पत्ते, बिंगो, जेंगा, चेंडू असे साधे खेळ. हाताची सुधारणा दोन्ही गटांत सारखीच. वीने जास्तीचे काही दिले नाही. त्यामुळे यंत्राची थोरवी गाणारे प्रस्ताव टिकणारच नाहीत. आवृत्त्या किती, बोर्ग स्केलवर श्रम किती, वेट शिफ्ट कोणत्या बाजूला, धड झुकवून ट्रिक मूव्हमेंट होते का, पहिल्या दिवशी टीयूजी (टाइम्ड अप अँड गो) चाचणीला वेळ किती आणि सहा आठवड्यांनी किती, हे लिहा. स्क्रीनवरचा स्कोअर म्हणजे केस रेकॉर्ड नव्हे.

घरी काय घडते तेही विचारत चला. खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात म्हणून घरचे लोक रिंग फिटचा आवाज न करणारा मोड लावतात. त्यात जागच्या जागी धावण्याऐवजी गुडघे वाकवून उठबस करावी लागते. पटेलोफेमोरल दुखण्याच्या रुग्णाला तुम्ही धावणे ठरवून दिलेले असते आणि तो महिनाभर स्क्वॉट करत राहतो. समतोल गेलेल्या रुग्णाशेजारी भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची आणि घरातले कोणी जवळ असल्याशिवाय गेमचा व्यायाम सुरूच करू नका.

नामंजूर प्रस्तावाची प्रत, त्यावरचा शेरा आणि किमान एका रुग्णाचे आधीचे-नंतरचे मोजमाप, नाव-पत्ता खोडून, या महिनाअखेरपर्यंत कार्यालयात पाठवा. मोजमाप जोडलेले नसेल तर नुसती तक्रार पाठवू नका. सगळी प्रकरणे एकत्र करून आम्ही ती वैद्यकीय शिक्षण विभागाच्या टेबलावर ठेवणार आहोत.