मागील पानावरून पुढे

मराठवाड्यातल्या अनेक घरांत एक रीत आहे. नळाला पाणी आले की आधी साठवलेले ‘शिळे’ पाणी ओतून द्यायचे, भांडी विसळायची आणि मग ताजे पाणी भरायचे. नळ रोज येत होता, तेव्हा त्यात फारसे काही बिघडत नव्हते. पुढे नळ आठवड्याने, दहा दिवसांनी येऊ लागला, तरी ओतणे थांबले नाही. का ओतता, असे विचारले तर घरातले कुणीही क्षणभर गप्प होईल. कारण हा निर्णय कुणी घेतलेलाच नसतो. तो आपोआप होतो.

मेंदूत निर्णयाच्या दोन वाटा आहेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. एक विचाराची. असे केले तर काय होईल आणि ते मला हवे आहे का, याचा हिशेब ती मांडते. कपाळामागच्या भागाचा त्यात मोठा वाटा असतो. दुसरी वाट सवयीची. तीच कृती त्याच ठिकाणी वारंवार घडली की तिचा कारभार मेंदूत खोलवर असलेल्या ‘बेसल गँग्लिया’ या पेशीसमूहांकडे जाऊ लागतो. मग खूण दिसली की हात चालतो.

केंब्रिजचे अँथनी डिकिन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात उंदरांवर याचे प्रयोग केले. दांडी दाबली की उंदराला खाणे मिळे. पुढे तेच खाणे त्याला नकोसे केले गेले. थोडाच सराव झालेल्या उंदरांनी दांडी दाबणे कमी केले. फार सराव झालेले मात्र दाबतच राहिले. फळाची किंमत बदलली होती, पण हाताला त्याची वार्ता नव्हती.

म्हणून सवय वाईट ठरत नाही. रोखपालाची बोटे नोटा आपसूक मोजतात, म्हणूनच वेगळ्या कागदाची नोट त्यांना चटकन खटकते. प्रत्येक नोटेचा विचार करत बसला तर संध्याकाळी बँक बंद व्हायची नाही. पण मोठ्या रकमेच्या व्हाउचरवर दुसऱ्या अधिकाऱ्याची सही लागते, तीही याच कारणाने. एकाचा हात सवयीने चालला तर दुसऱ्याने थांबून पाहावे. पीककर्जाच्या ‘जुने-नवे’चे घ्या. मागचे फेडायचे आणि लगेच नवे उचलायचे, हा प्रकार नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला नवा नाही. विहिरीत पाणी किती, यंदा कोणते पीक झेपेल, हे त्या दिवशी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी विचारायला हवे. पुष्कळदा अर्जावर गेल्या वर्षीचेच उतरते. मागील पानावरून पुढे चालू.

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि लातूरकरांना हा हिशेब नव्याने मांडावा लागला. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख लिटर येऊ लागले. शहराने त्या दिवसांत घागर मोजून वापरली. तांदूळ धुतलेले पाणी कुंडीला आणि कपड्यांचे पाणी संडासाला जाऊ लागले. शिळे पाणी हा शब्दच उरला नाही. त्याच वर्षी पाऊस झाला, धरणात पाणी आले आणि नळ सुरू झाले. पुन्हा टाक्या भरून वाहू लागल्या.

याला लोकांचा बेफिकीरपणा म्हणणे सोपे आहे. अमेरिकेत ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेने २००५ साली प्रसिद्ध केलेले संशोधन वेगळे काही सुचवते. उंदरांची सवय मोडली, तेव्हा मेंदूतला तिचा ठसा मावळला. बक्षीस परत सुरू होताच तो पुन्हा उमटला. म्हणजे जुनी सवय पुसली जात नाही, ती दबून राहते. लातूरची काटकसर टँकरच्या भोंग्याशी बांधलेली होती. टँकर गेला, नळाचा आवाज आला आणि जुना हात जागा झाला.

मग नुसता निर्धार पुरत नाही, निर्धाराला खूण द्यावी लागते. टाकीला तरंगणारी तोटी बसवली की ती भरून वाहण्याचा प्रश्नच राहत नाही. झाकण असलेल्या स्वच्छ पिंपातले पाणी एका रात्रीत शिळे होत नाही, हे घरातल्या मुलांना आज सांगितले तर उद्याची रीत बदलेल. आणि जे घराला तेच नगराला. टंचाईचा आराखडा आणि टँकरची निविदा हीदेखील आता सवयच झाली आहे. पावसाळा संपला की धरणात किती पाणी आहे, ते ऑक्टोबरात कळते. नळ वाहता असताना, घाबरण्याआधी, त्याच महिन्यात वर्षाचा हिशेब मांडायला हवा. उन्हाळ्यात विचार करायला वेळ असतो कुणाला?