हाडातली सूज, हातातली आग

दिवाळी झाली की वडवणी-धारूर भागातील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढताना पडणे, मनगट मोडणे हे फडात नवे नाही. प्लास्टर निघते, एक्स-रेत हाड जुळलेले दिसते, तरी काहींच्या हाताची आग थांबत नाही. हात सुजतो, लाल-निळा पडतो, कधी गरम तर कधी गार लागतो. कपडा घासला तरी कळ येते. मुकादमाला हे ढोंग वाटते, पण हा खरा विकार आहे. त्याला ‘कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम’ म्हणजे सीआरपीएस म्हणतात. जर्मन शल्यचिकित्सक पॉल सुडेक यांनी अशा हाडांची झीज 1900 मध्येच नोंदवली होती.

अशा रुग्णाच्या एमआरआय अहवालात कधी कधी ‘बोन मॅरो एडिमा’ हे शब्द येतात. म्हणजे हाडाच्या मगजात, अस्थिमज्जेत, पाणी वाढले आहे. घरी त्याचा अर्थ ‘हाड कुजले’ असा लागतो आणि घबराट सुरू होते. वास्तविक ही सूज मुका मार, हाडाची बारीक चीर, खुब्याचा रक्तपुरवठा तुटणे, जंतुसंसर्ग, अगदी हाडाचा क्षय यांतही दिसते. उलट सीआरपीएसच्या कित्येक रुग्णांत ती नसतेच. त्यामुळे या विकाराचे निदान हात तपासून होते. वेदना, रंग, तापमान, घाम, सूज आणि हालचाल पाहणारे ‘बुडापेस्ट निकष’ त्यासाठीच आहेत. एमआरआय लागतो तो आत दुसरे काही दडलेले नाही ना, हे पाहायला.

तरी हाडाचा धागा निरुपयोगी नाही. इटलीत 82 रुग्णांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाडाची झीज रोखणाऱ्या नेरिड्रोनेटने वेदना बऱ्याच कमी झाल्या. मुख्य उपचार मात्र फिजिओथेरपीच. हात गळ्यात अडकवून ठेवला तर तो आणखी आखडतो.

खरी अडचण इथेच आहे. फिजिओथेरपीला सलग काही आठवडे लागतात, आणि उचल घेतलेल्या कोयत्याला एका दिवसाचाही खाडा परवडत नाही. घाबरलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेकडे नेणे किती सोपे असते, हे बीडने 2019 मध्ये गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या प्रकरणात पाहिले आहे. केवळ मज्जेत सूज आहे म्हणून कुणी ऑपरेशन सुचवले, तर दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे.

प्लास्टरमध्ये असतानाच डॉक्टरांना विचारून बोटे हलवत राहावीत. प्लास्टर निघाल्यावर कळ कमी होण्याऐवजी वाढू लागली, तर पट्टा पडायची वाट न पाहता हात दाखवावा.