आधी आजीकडे बघा, मग रिपोर्टकडे

वॉर्डात कुणी वयस्कर पेशंट आला की नातेवाइकांना माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘चार दिवसांपूर्वी या काय काय करत होत्या?’ ताप, शुगर, जुने कागद हे सगळं नंतर. उत्तरं साधारण अशी यायची: चालत देवळात जायच्या, लसूण सोलून द्यायच्या, मालिकेत काल काय झालं ते सुनेला सांगायच्या. ‘मग आज पोटच्या पोरालाही का ओळखत नाहीत?’ यावर घरचे एकमेकांकडे बघायचे आणि कुणीतरी म्हणायचं, ‘आता वय झालंय ना सिस्टर.’

वय चार दिवसांत होत नाही. नोकरीची बहुतेक वर्षं सरकारी रुग्णालयाच्या फीमेल मेडिकल वॉर्डात काढून मी निवृत्त झाले. आता साताऱ्यात आमच्या पेठेतल्या ज्येष्ठ नागरिक संघात दर आठवड्याला बीपी मोजायला बसते. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. म्हाताऱ्या माणसाचं रोजचं वागणं ही त्याची सगळ्यात महत्त्वाची तपासणी. तिच्यावर लक्ष घरच्यांनी ठेवायचं आणि डॉक्टरांनी ते विचारून घ्यायचं. हे होत नाही म्हणून लघवीच्या साध्या इन्फेक्शनची माणसं थेट आयसीयूत पोचतात. आणि हे होत नाही म्हणूनच काहींना, इन्फेक्शन नसताना, अँटिबायोटिकचे डोस पचवावे लागतात.

तरुण बाईला हे इन्फेक्शन झालं तर ती दोन तासांत सांगते. उन्हाळी लागते, ओटीपोट दुखतं, थंडी वाजून ताप भरतो. सत्तरी-ऐंशीच्या शरीराला एवढं बोंबलून सांगता येत नाही. ताप येईलच असा भरवसा नाही. त्याऐवजी माणूस जेवणावरून उठतो, अंथरुणात पडून राहतो, बाथरूमला जाताना पडतो, असंबद्ध बोलतो. दुखतंय का विचारलं तर ‘काही नाही’ म्हणतो. अंगावर काढायची सवय जन्माचीच असते, बायकांना तर जास्तच.

तोवर आत काय चालतं? जंतू मूत्राशयातून मूत्रपिंडात आणि तिथून रक्तात शिरतात. त्यांच्याशी लढताना शरीराचा स्वतःवरचा ताबा सुटतो आणि त्याच लढाईत त्याचे स्वतःचे अवयव निकामी व्हायला लागतात. बीपी उतरतं, लघवी आटते, डोकं काम करेनासं होतं. हा सेप्सिस. ‘लॅन्सेट’मध्ये २०२० साली आलेल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगभरात ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावले. जगातल्या पाच मृत्यूंमागे साधारण एक. यात सगळी वयं आणि सगळी इन्फेक्शनं आली. पण वृद्धांमध्ये न्यूमोनियाच्या बरोबरीनं लघवीचा मार्ग हे त्याचं एक मोठं प्रवेशद्वार आहे.

एका पावसाळ्यात कोरेगावकडच्या एक आजी रात्री उशिरा आल्या. दोन दिवस गप्प गप्प होत्या. घरात दृष्ट काढून झाली होती, लिंबू सरबत देऊन झालं होतं. थर्मामीटरमध्ये ताप नव्हता, म्हणून सगळे निर्धास्त. मी घड्याळ समोर धरून त्यांचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजला, ३० भरला. बोटं गार. बीपी ८४ वर ५०. नळी घातली तर पिशवीत जेमतेम अर्धा कप लघवी उतरली, कोऱ्या चहासारखी काळपट. लघवीला शेवटचं कधी गेल्या होत्या, हे कुणालाच सांगता येईना. बरोबर आलेली शाळकरी नात तेवढी म्हणाली, ‘आज्जी परवापासून माझी वेणी घालत नाही.’ त्या घरात आजार पहिल्यांदा ओळखला तो तिनं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

रक्त आणि लघवी कल्चरला गेली, सलाइन आणि अँटिबायोटिक लगेच सुरू झालं. आजी वाचल्या, पण घरी गेल्या त्या वॉकर धरून. परवाच आल्या असत्या तर कदाचित वेणी घालायला परत बसल्या असत्या.

म्हणून घरच्यांनी तीन गोष्टी बघायला शिकावं. पोटावर नजर ठेवून श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, २२ किंवा त्याहून जास्त असेल तर सावध व्हा. बीपीचं वरचं माप १०० किंवा त्याखाली आहे का बघा. मशीन तर हल्ली घरोघरी आहे. आणि बोलण्या-ओळखण्यात फरक पडलाय का ते पाहा. यातल्या दोन गोष्टी असतील तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. तिन्ही ठीक असल्या तरी माणूस कालच्यापेक्षा वेगळा वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सेप्सिसनं बीपी कोसळलं असेल तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहे. आपल्याकडे तो तास ‘कुणाच्या गाडीतून न्यायचं’ यातच जातो.

आता याची दुसरी बाजू. एवढं वाचून उद्या लोक आई-वडिलांची लघवी घेऊन लॅबच्या दारात रांग लावतील, तर तेही नको. म्हातारपणी लघवीत जंतू असणं आणि लघवीचं इन्फेक्शन असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वृद्धाश्रमांसारख्या ठिकाणी कायम राहणाऱ्या बायकांपैकी पाव ते निम्म्या जणींच्या लघवीत, काही त्रास नसतानाही, जंतू सापडतात. त्यांना औषध देऊन फायदा होत नाही, तोटा मात्र होतो. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे: म्हातारा माणूस गोंधळलाय, लघवीत जंतू आहेत, पण ताप नाही, बीपी ठीक आहे, लघवीची तक्रार नाही, तर अँटिबायोटिकची घाई करू नका, दुसरं कारण शोधा आणि बारकाईनं लक्ष ठेवा.

आमच्या संघातले एक निवृत्त मुख्याध्यापक रात्री उठून ‘शाळेची घंटा झाली’ म्हणायला लागले. रिपोर्टमध्ये पस सेल, कल्चरमध्ये ई. कोलाय. गोळ्यांचा कोर्स झाला, मग दुसरा, मग इंजेक्शनं. जुलाब लागले, घंटा काही थांबेना. काकूंना मी विचारलं, हे सुरू व्हायच्या आधी घरात नवीन काय आलं? अंगाला खाज सुटते म्हणून मेडिकलमधून आणलेली एक झोप आणणारी गोळी निघाली, आणि तिच्यामुळे आठवडाभर पोट साफ नव्हतं. काकूंनी ते पाकीट त्यांच्या डॉक्टरांना नेऊन दाखवलं. डॉक्टरांनी गोळी बंद केली, पोटाचं औषध दिलं, आणि सर ताळ्यावर आले. तोवर प्रत्येकानं उपचार केले ते कागदाचे.

मेडिकलमधूनच लघवीच्या गोळ्या आणणारे तर गल्लोगल्ली आहेत. ‘मागच्या वेळी याच गोळीनं बरं वाटलं होतं’ म्हणून चिठ्ठीशिवाय दोन दिवसांच्या गोळ्या घ्यायच्या, जळजळ थांबली की उरलेल्या डब्यात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नका, हे सांगण्यासाठी स्ट्रिपवर लाल रेघ असते. तिचा अर्थ लोकांना कळावा म्हणून २०१६ मध्ये केंद्र सरकारनं मोहीमही काढली. या सवयीनं जंतू निर्ढावतात. नेहमीच्या अनेक गोळ्यांना आपल्याकडचा ई. कोलाय आज दाद देत नाही, आणि खरोखर सेप्सिस होतो त्या रात्री हाताशी औषधं कमी उरतात. पहिला डोस पोटात जायच्या आधी लघवीचा नमुना द्या, सुरुवातीची धार सोडून मधली, लॅबनं दिलेल्या निर्जंतुक डबीत. औषध सुरू झाल्यावर दिलेलं कल्चर बऱ्याचदा काहीच सांगत नाही.

मग नळीचं. खुब्याचं ऑपरेशन होतं, नळी घालतात, आणि ती तशीच ठेवून पेशंटला घरी पाठवतात. ‘कपडे ओले होत नाहीत, सोय आहे’ म्हणून घरचेही खूश. नळी आत राहील त्या दर दिवशी लघवीत जंतू शिरण्याचा धोका ३ ते ८ टक्क्यांनी वाढतो. महिनाभर राहिली तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत ते असतात. काहींना नळी लागतेच, त्यांच्याबद्दल वाद नाही. पण सोयीसाठी ठेवलेली नळी म्हणजे जंतूंना उघडं ठेवलेलं दार. डिस्चार्जच्या कागदावर नळी काढायची तारीख लिहून घ्या, आणि पिशवी कायम कमरेच्या खाली ठेवा.

आणखी एक गोष्ट लाजेपोटी कुणी बोलत नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीमार्ग कोरडा आणि नाजूक होतो आणि लघवीची इन्फेक्शनं वाढतात. वारंवार त्रास होणाऱ्यांना डॉक्टरांच्या सल्ल्यानं तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम उपयोगी पडतं. पण पंचाहत्तरीच्या बाईशी या विषयावर बोलायचं कुणी? मुलगा विचारत नाही, सून संकोचते, डॉक्टर घाईत असतात. पुरुषांचं तसंच प्रोस्टेटचं: धार बारीक झाली, लघवी पूर्ण होत नाही, हे वर्षानुवर्षं लपवलं जातं, आणि तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात.

शेवटी पाणी. ‘पाणी प्या’ हा सल्ला देणं सोपं आहे. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी माप घालून दिलं असेल तर ते पाळावंच. पण बाकीच्या बायका पाणी पीत नाहीत ते रात्री उठावं लागू नये म्हणून, अंधारात पडू नये म्हणून आणि बाहेर जायला जागा नसते म्हणून. राज्यात २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे. आमच्या संघातल्या बायका हौसेनं देवदर्शनाला निघतात आणि सकाळपासून घोटभर पाणी पीत नाहीत, कारण वाटेतल्या स्वच्छतागृहात एक तर कडी नसते, नाहीतर फरशी ओली असते आणि गुडघे धरलेल्या बाईला उकिडवं बसणं जमत नाही. मुंबईत बायकांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ म्हणून हा प्रश्न लावून धरला. तो आम्हा म्हाताऱ्यांचाही आहे, आणि आमच्यासाठी तो आरोग्याचा आहे.

प्रत्येक सार्वजनिक स्वच्छतागृहात निदान एक कमोड, आतून लागणारी कडी आणि भिंतीला धरायला एक दांडी, एवढं नगरपालिकेनं करावं. घरातल्या संडासाच्या वाटेवर रात्रीचा एक दिवा मुलांनी लावावा. या सगळ्याला जो खर्च येईल, त्याहून आयसीयूतल्या एका दिवसाचं बिल मोठं असतं.