घाट, गिअर आणि अण्णा

आपल्या या अंकात दरवर्षी एक तरी लेख बाईक ट्रिपवर असतोच. 'आम्ही सहा, गाड्या तीन आणि गोवा!' असं काहीतरी शीर्षक आणि खाली गॉगल लावलेला ग्रुप फोटो. मीही हे लेख आवडीनं वाचत आलोय. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आलीय का? हे सगळे लेख धडधाकट परत आलेल्यांनीच लिहिलेले असतात. आमच्या विंगमधला एक जण मागच्या वर्षी अशाच ट्रिपमधून कॉलरबोन मोडून आला. तो किस्सा आम्ही मेसमध्ये इतक्या वेळा सांगितला की आता त्याचा विनोद झालाय. त्याची आई बारा दिवस हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपली, हा भाग मात्र किश्श्यात कधीच येत नाही.

म्हणून यंदा मी वेगळ्या ट्रिपबद्दल लिहिणार आहे. आई, अण्णा, आजी आणि बारावीची परीक्षा दिलेली बहीण यांच्याबरोबर केलेल्या ट्रिपबद्दल. हसू नका, पूर्ण वाचा!

त्याचं झालं असं. परीक्षा संपता संपता आमचाही गोव्याचा बेत ठरला. परवानगीसाठी घरी फोन केला. अण्णांनी तीनच प्रश्न विचारले. "गाड्या कुणाच्या? हेल्मेट किती? रात्रीचं चालवणार काय?" मी म्हटलं, "दिवसा ऊन असतं ना, म्हणून रात्रीच निघणार." पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मग नको." वायवात सर 'नेक्स्ट' म्हणतात ना, अगदी तसंच! मी दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचाच आला. "आपण सगळेच जाऊ कोकणात. काकाची गाडी घेऊ. चालव तूच."

आता आमच्या अण्णांबद्दल सांगायला हवं. त्यांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. मागच्या वर्षी रिटायर झाले. कराड-चिपळूण रस्ता त्यांना तोंडपाठ. कुठल्या वळणावर समोरचं दिसत नाही, कुठल्या दरडीखाली पावसाळ्यात थांबायचं नाही, सगळं सांगतील. पण या रस्त्यावरची प्रेक्षणीय स्थळं विचारा, एकही पाहिलेलं नाही. त्यांच्या दृष्टीनं कोयनानगर म्हणजे दहा मिनिटांचा चहा आणि चिपळूण म्हणजे स्टँडमागची विश्रांतीची खोली. दुसऱ्यांना फिरायला नेण्यात ज्या माणसाचं आयुष्य गेलं, त्याला स्वतःला फिरायचं होतं. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. तुमच्या घरी वेगळं असेल असं समजू नका.

मेच्या पहिल्या आठवड्यात पहाटे पाचला निघालो. बहिणीनं कंडक्टरची जागा घेतली. तिनं तोंडानं 'टिंग टिंग' केल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा अण्णांचा नियम. दारं लागली का, आजी नीट बसली का, पाण्याचा कॅन घेतला का, हे सगळं तपासूनच डबल बेल. मला तेव्हा हा पोरखेळ वाटला होता.

कराडला प्रीतिसंगमावर थांबलो. इथं कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधीही इथेच आहे. तिथून पुढे पाटणमार्गे कोयनेच्या काठाकाठानं उलट्या दिशेनं वर जायचं. नेहरू उद्यानातून धरण पाहिलं. भिंतीची उंची १०३ मीटर, साठा सुमारे १०५ टीएमसी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात या भिंतीला तडे गेले, पण ती उभी राहिली. नंतर तिला आधार देऊन आणखी मजबूत केलं. सिव्हिलवाल्यांनी हे एकदा तरी डोळ्यांनी पाहावं. नोट्समधल्या आकृतीत त्या भिंतीची छाती कळत नाही.

कोयनेचं खरं आश्चर्य मात्र दिसत नाही, ते डोंगराच्या पोटात आहे. पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाणाऱ्या या नदीचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडलंय. पाणी वीज देतं आणि मग वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. एकाच नदीचं पाणी दोन समुद्रांना! चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ ला इथं लेक टॅपिंग झालं. म्हणजे तलावाच्या तळाखालून बोगदा खणत न्यायचा आणि खडकाचा शेवटचा बूच सुरुंगानं उडवायचा. वर अख्खा जलाशय! यापेक्षा मोठं साहस मला तरी माहीत नाही. पण त्या एका क्षणाच्या मागे काही वर्षांचं मोजमाप होतं. 'बघू, होईल काहीतरी' म्हणून कुणी सुरुंग पेटवला नव्हता. हे मी आत्ता लिहितोय खरा. त्या दिवशी ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, कारण तासाभरात मी जे केलं ते ऐका.

हेळवाक ओलांडून कुंभार्ली घाट लागला. उतार सुरू झाला तशी मी गाडी न्यूट्रलला टाकली. पेट्रोल वाचवतोय, या थाटात! अण्णा मागे आजीला पाणी देत होते, त्यांच्या लक्षात आलं नाही. वळण आलं की ब्रेक, सरळ आलं की सोडून दे. मजा वाटत होती. चार-पाच किलोमीटरनंतर काहीतरी जळल्यासारखा वास आला. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पाय नेहमीपेक्षा खूप खाली गेला आणि गाडी हवी तेवढी थांबेना. आईनं पुढचा डॅशबोर्ड धरला. मी काहीच बोललो नाही. बोलायला तोंडात थुंकीच नव्हती.

अण्णांना वासावरूनच कळलं. मागून आवाज आला, तोही न ओरडता. "न्यूट्रलला हाय न्हवं? थर्ड टाक. क्लच सोड. आता सेकंड. हँडब्रेक हळूहळू वड. डाव्या अंगाला, कठड्याला धरून." इंजिन किंचाळलं, गाडी आवरली, थांबली. डाव्या चाकातून धूर येत होता. बहीण पाण्याची बाटली घेऊन धावली, तर अण्णांनी तिला अडवलं. तापलेल्या लोखंडावर एकदम गार पाणी टाकलं तर ते तडकू शकतं. अर्धा-पाऊण तास आम्ही कठड्याजवळ बसून होतो. आजीची जपमाळ चालू होती.

त्या पाऊण तासात मी, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, गणित मांडत बसलो. माणसांसकट गाडी बाराशे किलो, उतार समजा पाचशे मीटर. एमजीएच काढा: जवळजवळ एकोणसाठ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत तीस अंशाचं वीस लिटर पाणी उकळीला येतं, म्हणजे आंघोळीची एक भरलेली बादली! न्यूट्रलमध्ये उतरलात तर यातली बहुतेक सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकनी सोसायची. गिअरमध्ये असाल तर मोठा वाटा इंजिन उचलतं. आणि ज्या पेट्रोलसाठी हा उद्योग केला, तेही वाचत नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागत राहतं. हे सगळं आम्हाला सिलॅबसला होतं. मला त्यात बरे मार्कही होते!

अण्णांचं गणित एका ओळीचं. "ज्या गिअरला घाट चढतोय, त्याच गिअरला उतरायचा." मग थोड्या वेळानं म्हणाले, "गाडी पळवायला सगळ्यांनाच येतंय. उतरवायला यायला पाहिजे." मी रागावण्याची वाट बघत होतो, पण ते रागावले नाहीत. पुढचं वाक्य ते माझ्याकडे न बघता बोलले. "एकतीस वर्षांत या घाटात मला एवढं भ्या वाटलं नव्हतं. तवा स्टिअरिंग माझ्या हातात असायचं."

हा लेख खरं म्हणजे या एका वाक्यासाठी लिहितोय.

आपण ट्रिपला निघतो तेव्हा आपल्याला भीती वाटत नाही, त्याचं एक कारण म्हणजे हँडल आपल्या हातात असतं. पण आपल्या त्या बाईकवर आणखी माणसं बसलेली असतात. घरी फोनकडे बघत बसलेली आई, 'रेंज नसेल' असं तिला समजावणारे वडील. त्यांच्या हातात ना हँडल, ना ब्रेक. ट्रिपल सीटचा दंड होतो. या न दिसणाऱ्या सीटा मात्र कुठलाही पोलीस मोजत नाही. त्या आपण मोजायच्या.

असो. ट्रिप पुढे चालू राहिली. पोफळीला एका गॅरेजमध्ये ब्रेक तपासून घेतले, मगच पुढे. पुढे मजाही भरपूर केली, गैरसमज नको! गुहागरच्या किनाऱ्यावर आजीनं साडी खोचून लाटांत पाय भिजवले. तवसाळहून जयगडला गाडीसकट फेरीबोटीनं गेलो. बोटीवर गाडी गिअरला टाकली, हँडब्रेक ओढला, तरी अण्णांनी चाकाला दगड लावलाच. जयगडच्या तटावरून शास्त्री नदी समुद्राला मिळते ते पाहत संध्याकाळ काढली. रत्नागिरीला थिबा पॅलेस पाहिला. ब्रह्मदेशच्या राजाला हद्दपार करून इंग्रजांनी तिथं ठेवलं होतं, १९१६ साली तो तिथंच वारला. कुठला मंडाले आणि कुठली रत्नागिरी!

दोन प्रसंग मात्र सांगायलाच हवेत. हेदवीच्या किनाऱ्यावर बामणघळ आहे. खडकातली अरुंद भेग. भरतीला लाट आत घुसली की पाण्याचा फवारा उंच उडतो. बघण्यासारखंच आहे. अण्णांनी आधी तिथल्या एका म्हाताऱ्या माणसाला भरतीची वेळ विचारली. भरती-ओहोटीत साधारण सव्वासहा तासांचं अंतर, आणि भरती रोज जवळपास पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे त्याच्या बोटांवर होतं. आम्ही लांब कोरड्या खडकावरून फवारा पाहिला. आमच्याच वयाची पाच-सहा मुलं मात्र अगदी कडेवर, ओल्या शेवाळावर, लाटेकडे पाठ करून फोटो काढत होती. गोव्याला गेलो असतो तर त्यांत मी असतो, याबद्दल मला शंका नाही.

दुसरा प्रसंग एका किनाऱ्यावरच्या बनाना राईडचा. अण्णांनी लाईफ जॅकेटचा एकेक बकल ओढून पाहिला. दोन तुटके निघाले. चालवणारा वैतागला, "काका, काही होत नाही हो!" अण्णा म्हणाले, "होत नाही तवर सगळ्यांचंच बरं असतं." जॅकेटं बदलून घेतली. आणि मग काय, अण्णाच सगळ्यांत पुढे बसले! साठीला टेकलेला माणूस पाण्यात पडून खिदळत वर आला. एकतीस वर्षं लोकांना नेणारा माणूस पहिल्यांदा पासिंजर झाला होता. साहसाला नाही म्हणणारे ते नव्हतेच. तपासून घेतल्याशिवाय डबल बेल द्यायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

कुणी म्हणेल, सगळंच तपासत बसलं तर साहस कसलं? या वयात धडपडायचं नाही तर कधी? मला हे मान्य आहे. जरूर जा. गोव्याला जा, लडाखला जा. पण रात्री जागून चालवू नका. मागच्याच्या डोक्यावरही हेल्मेट असू द्या. घाटात चढणाऱ्याला वाट द्या. समुद्रात उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. आणि ग्रुपमध्ये एक जण असा ठेवा ज्यानं 'थांबा' म्हटलं की सगळे थांबतील. एसटीत एक बेल दिली की ड्रायव्हर कितीही मोठा असला तरी गाडी थांबवतो. आपल्या ग्रुपमध्ये डबल बेल देणारे सगळेच असतात. सिंगल बेल देणाऱ्याला आपण 'फट्टू' म्हणतो.

दुसरी विनंती थोडी घरगुती आहे. शेवटचं वर्ष संपलं की कुणी पुण्याला, कुणी बेंगलोरला, कुणी परदेशात. मग घरच्यांसाठी सुट्टी मिळते ती लग्न-कार्यापुरती. त्याआधी एक मे महिना त्यांना द्या. गाडी नसेल तर एसटीनं जा. चार दिवस पुरतात.

परतताना आंबा घाटातून आलो. चढ, वळणं, समोरून ट्रक. मी सेकंडला गाडी चढवत होतो. आता अण्णा माझ्या शेजारी होते. काही सूचना येईल म्हणून मी कान देऊन होतो, पण आवाज येईना. बघितलं तर मान कलंडलेली, झोप लागलेली. आई मागून हळूच म्हणाली, "घाटात कधी झोपलेले बघितले नाहीत मी त्यांना."

मलकापूर येईपर्यंत मी त्यांना उठवलं नाही.