पिप अडला म्हणून संगणक फॉरमॅट करू नका

घरात एकच डेस्कटॉप आणि त्यावर मुलगा किंवा मुलगी पायथन शिकते आहे, असे आता आपल्या कितीतरी घरांत दिसते. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रातही ही भाषा आहे. सुरुवातीला सारे सुरळीत चालते. मग एके दिवशी सर सांगतात, ‘घरी पांडाज इन्स्टॉल करून या.’ संध्याकाळी काळ्या खिडकीत लाल अक्षरे उमटतात आणि मूल हिरमुसून उठते. त्याला वाटते, हे आपल्याला जमणारे नाही. अब्बांना वाटते, संगणकच बिघडला, दुकानात नेऊन फॉरमॅट करून आणू. बहुतेक वेळा हे दोन्ही समज चुकीचे असतात. फॉरमॅट करताना घरचे फोटो आणि कागदपत्रे मात्र कायमची जाऊ शकतात. म्हणून या महिन्यात पिपची ओळख करून घेऊ.

पायथन १९९१ साली लोकांसमोर आली. या भाषेत इतरांनी लिहून ठेवलेली तयार कामे, म्हणजे पॅकेजेस, इंटरनेटवरच्या एका सार्वजनिक कोठारात ठेवलेली असतात. पिप हा त्या कोठारातून आपल्या संगणकावर माल आणून देणारा हमाल. २०१४ पासून, म्हणजे पायथन ३.४ पासून, तो पायथनबरोबरच येतो. म्हणून ‘पिप सापडत नाही’ असा संदेश आला, तरी बहुधा तो संगणकावर असतोच. फक्त विंडोजला त्याचा पत्ता ठाऊक नसतो.

आधी मूल आज्ञा कुठे टाइप करते आहे ते पाहा. ओळीच्या सुरुवातीला तीन बाण दिसत असतील, तर ते पायथनच्या आत बसले आहे. तिथे पिपची आज्ञा दिली की ‘सिंटॅक्स एरर’ येते. बाहेर येऊन कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि आज्ञा तिथे द्यावी.

तिथेही ‘नॉट रेकग्नाइज्ड’ असे उत्तर आले, तर तो पत्त्याचा प्रश्न. पायथन इन्स्टॉल करताना पहिल्याच पडद्यावर खाली ‘पाथ’मध्ये नाव घालण्याची एक चौकट असते. तिच्यावर टिक करायचे राहून जाते. त्यासाठी सगळे पुन्हा टाकायची गरज नाही. इंग्रजी अक्षरांत आधी पी-वाय लिहा, जागा सोडून वजाचे चिन्ह आणि त्याला चिकटून एम, मग नेहमीप्रमाणे पिप, इन्स्टॉल आणि पॅकेजचे नाव. पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेल्या पायथनसोबत हा पी-वाय येतो, आणि तो पिपला शोधून कामाला लावतो.

कधी इन्स्टॉल झाल्याचा संदेश येतो, पण प्रोग्राम म्हणतो, ‘मॉड्यूल सापडत नाही.’ अशा वेळी संगणकावर दोन पायथन आहेत का ते तपासा. माल एका घरी उतरला आणि आपण दुसऱ्या घरी शोधतो आहोत, असे होते. पिपला त्याची आवृत्ती विचारली की तो कोणत्या पायथनसाठी काम करतो तेही सांगतो. तोच आकडा आयडलच्या पहिल्या ओळीत दिसतो का, ते पडताळावे. पॅकेजचे नाव आणि प्रोग्राममध्ये लिहायचे नाव वेगळे असू शकते, हेही ध्यानात ठेवा. पिलो हे पॅकेज इन्स्टॉल केले, तरी प्रोग्राममध्ये पी-आय-एल असेच लिहावे लागते.

जुन्या डेस्कटॉपवर ‘सर्टिफिकेट’ किंवा ‘एसएसएल’ची तक्रार आली, तर कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की संगणक बंद केल्यावर तारीख मागे जाते. मग कोठाराचा सुरक्षा-दाखला त्याला खोटा वाटतो. तारीख दुरुस्त करा, सेल बदला, की काम चालू. विंडोज ७ असेल, तर पायथन ३.९ किंवा त्यापुढची आवृत्ती तिथे चालत नाही, ३.८ घ्यावी लागते. उलट नव्या संगणकावर अगदी ताजी आवृत्ती घेतली, तर काही पॅकेजेस तिच्यासाठी अजून तयार नसतात. तेव्हा ‘सी प्लस प्लस’ची मागणी करणारा लांबलचक मजकूर येतो. एक पायरी जुनी आवृत्ती घेतली की बहुधा प्रश्न मिटतो.

एक सावधगिरी मात्र हवी. पॅकेजचे स्पेलिंग अक्षर न् अक्षर तपासा. नामांकित पॅकेजसारखी दिसणारी नावे घेऊन त्या कोठारात फसवी पॅकेजेस ठेवल्याचे प्रकार घडले आहेत.

अम्मी-अब्बांना पायथन येत नसली तरी चालेल. मुलाजवळ बसा आणि ‘एरर’ शब्दाने सुरू होणारी ओळ त्याला मोठ्याने वाचायला सांगा. ‘नोटीस’ फक्त नवी आवृत्ती आल्याचे कळवते, ती बिघाड नव्हे. एररची ओळ आणि सापडलेला उपाय वहीत तारखेसह उतरवून ठेवावा. पुढच्या वेळी तीच वही कामी येईल, आणि धाकट्या भावंडांनाही.