एनबीए ड्राफ्टचे अंदाज: कुणाची निवड होणार हे कळतं, मग कोण चमकणार हे का कळत नाही?

जून 2025 च्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकन बास्केटबॉलमध्ये तीन दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या.

22 जूनला ओक्लाहोमा सिटी थंडर संघाने एनबीएचं विजेतेपद पटकावलं. संघाचा नायक होता शे गिल्जस-अलेक्झांडर. मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणजे एमव्हीपी तोच आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. 25 जूनला एनबीएचा ड्राफ्ट झाला आणि डॅलस मॅव्हेरिक्सने सर्वात पहिलं नाव पुकारलं 18 वर्षांच्या कूपर फ्लॅगचं.

फ्लॅगचं नाव पहिलं येणार, हे बास्केटबॉल पाहणाऱ्या जवळपास प्रत्येकाला आधीच माहीत होतं. गिल्जस-अलेक्झांडर मात्र 2018 च्या ड्राफ्टमध्ये थेट 11 व्या क्रमांकावर निवडला गेला होता. म्हणजे त्याच्या आधी दहा संघांनी दुसऱ्या कुणाला तरी पसंती दिली होती.

दरवर्षी ड्राफ्टआधी सोशल मीडियावर अंदाजांच्या याद्यांचा पूर येतो. त्यातल्या काही अचूक ठरतात, काहींचं हसं होतं. या याद्या बनतात कशा आणि त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा?

ड्राफ्ट म्हणजे नेमकं काय?

आयपीएल लिलावाची सवय असलेल्यांना हा प्रकार थोडा उलटा वाटेल. लिलावात जो जास्त बोली लावेल त्याला खेळाडू मिळतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते. 30 संघ ठरलेल्या क्रमाने एकेका नव्या खेळाडूचं नाव घेतात. दोन फेऱ्या होतात आणि एकूण साधारण 60 खेळाडू निवडले जातात. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला किती पगार मिळणार, हेही त्याच्या क्रमांकानुसार जवळपास ठरलेलं असतं.

क्रम ठरवताना हरलेल्या संघांना झुकतं माप मिळतं. कमकुवत संघाला चांगला तरुण खेळाडू मिळावा आणि स्पर्धेत समतोल राहावा, ही त्यामागची कल्पना. पण मग पहिला क्रमांक मिळवण्यासाठी संघ मुद्दाम हरायला लागतील, म्हणून लॉटरी ठेवलेली आहे. प्लेऑफ न गाठलेले 14 संघ त्यात असतात. 1 ते 14 आकड्यांच्या चेंडूंमधून चार चेंडू काढले जातात. त्यांच्या 1001 जुळण्या होतात. एक सोडून उरलेल्या 1000 जुळण्या संघांमध्ये वाटलेल्या असतात. 2019 पासून लागू झालेल्या पद्धतीत सर्वात खराब कामगिरीच्या तीन संघांना प्रत्येकी 14 टक्के संधी मिळते.

अंदाज बांधणाऱ्यांचा पहिला अडथळा इथेच येतो. 2025 मध्ये डॅलसला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता फक्त 1.8 टक्के होती, तरी लॉटरी त्यांनाच लागली. लीगमधला सर्वात खराब ठरलेला यूटा जॅझ पाचव्या क्रमांकावर घसरला. त्यामुळे मे महिन्यातल्या या लॉटरीआधी केलेली कोणतीही यादी अर्धी अंधारातलीच असते.

मॉक ड्राफ्ट आणि बिग बोर्ड: गोंधळ इथेच होतो

सोशल मीडियावर दोन वेगळ्या याद्या एकाच नावाने फिरतात.

मॉक ड्राफ्ट म्हणजे कोणता संघ कुणाला निवडेल याचा अंदाज. बिग बोर्ड म्हणजे कोणता खेळाडू किती चांगला आहे याची क्रमवारी.

पहिल्या यादीत अंदाज असतो तो संघांच्या वागण्याचा आणि दुसरीत खेळाडूच्या भविष्याचा. मॉक ड्राफ्ट तंतोतंत बरोबर आला, तरी निवडलेले खेळाडू पुढे चांगले निघतीलच असं नाही. संघ चुकीची निवड करणार हे अचूक ओळखलं, तरी मॉक ड्राफ्ट बरोबरच ठरतो.

मॉक ड्राफ्ट अचूक कसे होत जातात?

त्यात खेळाच्या अभ्यासापेक्षा बातमीदारी जास्त असते. 2003 मध्ये ड्राफ्टएक्सप्रेस ही वेबसाइट सुरू करणारे जोनाथन गिवोनी यांच्यासारखे पत्रकार वर्षभर स्काउट, प्रशिक्षक, एजंट आणि संघांच्या अधिकाऱ्यांशी बोलत असतात. मे महिन्यात शिकागोला ‘कम्बाइन’ होतो. तिथे खेळाडूंची अनवाणी उंची, हातांचा पसारा, उडी, वेग अशी सगळी मोजमापं होतात. नंतर संघ खेळाडूंना आपल्या शहरात बोलावून वर्कआउट घेतात. कोण कुठे गेला आणि कुणी कुणाचे वैद्यकीय अहवाल मागितले, या तुकड्यांवरून चित्र स्पष्ट होत जातं. ड्राफ्टच्या दिवशी सकाळी आलेली यादी महिनाभर आधीच्या यादीपेक्षा विश्वासार्ह असते ती यामुळेच.

पण माहिती देणाऱ्यांचे स्वतःचे हितसंबंध असतात. आपला खेळाडू वर जावा असं एजंटला वाटतं. आपल्या मनात काय आहे ते प्रतिस्पर्ध्यांना कळू नये, असं संघाला वाटतं.

2025 मध्ये एस बेलीच्या बाबतीत हे ठळकपणे दिसलं. पहिल्या तिघांत गणल्या जाणाऱ्या या खेळाडूने तिसरा क्रमांक हाती असलेल्या फिलाडेल्फियासोबत ठरलेला वर्कआउट रद्द केला. फिलाडेल्फियाने व्हीजे एजकोम्बला घेतलं आणि बेली पाचव्या क्रमांकावर यूटाकडे गेला.

त्याच रात्री आणखी एक धक्का बसला. बहुतेक याद्यांमध्ये दुसऱ्या फेरीत दिसणारा चीनचा यांग हानसेन 16 व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पोर्टलँड संघात पोहोचला. तीस संघांपैकी एकाचं मत जरी वेगळं असलं, तरी अख्खी यादी हलते. पुढच्या प्रत्येक संघासमोरचे पर्याय बदलतात आणि एका चुकीमागे चुकांची रांग लागते.

मग खेळाडूंचं भविष्य का चुकतं?

2025 च्या एमव्हीपी मतदानातले पहिले तीन खेळाडू पाहा. पहिला गिल्जस-अलेक्झांडर, ड्राफ्टमधला क्रमांक 11. दुसरा निकोला योकिच, ड्राफ्टमधला क्रमांक 41. तिसरा यानिस अँटेटोकुंपो, ड्राफ्टमधला क्रमांक 15. तिघांपैकी एकही आपल्या वर्षीच्या पहिल्या दहांत नव्हता.

याची कारणं साधी आहेत. पहिलं कारण वयाचं. निवड होते तेव्हा अनेक खेळाडू अवघे 19 वर्षांचे असतात. अँटेटोकुंपो 2013 मध्ये 18 वर्षांचा होता आणि ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळत होता. ड्राफ्टनंतरही त्याची उंची वाढत राहिली.

दुसरं कारण म्हणजे नमुना लहान असतो. अनेक जण कॉलेजमध्ये एकच मोसम, म्हणजे जेमतेम तीसेक सामने खेळून येतात. एवढ्यावरून पुढच्या दहा वर्षांचं भाकीत करायचं असतं.

तिसरं कारण म्हणजे मोजता येतं त्याला जास्त महत्त्व दिलं जातं. उडी इंचात मोजता येते, खेळाची समज मोजता येत नाही. योकिच जाडसर होता आणि उडीही फार नव्हती. 2014 मध्ये त्याची निवड झाली तेव्हा टीव्हीवर टाको बेलची जाहिरात सुरू होती. पुढे तो तीन वेळा एमव्हीपी झाला. उलट 2007 मध्ये केविन ड्युरंटला कम्बाइनमध्ये 185 पौंडांचं वजन एकदाही उचलता आलं नव्हतं, म्हणून त्याच्यावर शंका घेतली गेली. तो दुसरा निवडला गेला आणि या खेळातल्या महान स्कोअररपैकी एक ठरला. त्या वर्षी पहिला निवडलेला ग्रेग ओडन गुडघ्याच्या दुखापतींमुळे एनबीएत फक्त 105 सामने खेळू शकला. दुखापतींचा नेमका अंदाज कोणत्याच यादीत बांधता येत नाही.

आकडेमोड करणारी मॉडेल मदत करत नाहीत का?

करतात. वय, प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा, फ्री थ्रोची टक्केवारी, चेंडू हिसकावण्याचं प्रमाण असे घटक ती तोलतात. 22 वर्षांच्या खेळाडूइतकीच कामगिरी 19 वर्षांचा करत असेल, तर मॉडेल 19 वर्षांच्याला वर ठेवतं. फ्री थ्रो चांगले टाकणारा पुढे लांबून चांगले शॉट मारू शकतो, हाही असाच एक धागा.

2018 चं उदाहरण प्रसिद्ध आहे. स्लोव्हेनियाचा लुका डॉन्चिच 19 व्या वर्षी रियल माद्रिदसोबत युरोलीग जिंकून आला होता आणि त्या स्पर्धेचा एमव्हीपीही होता. आकड्यांच्या भाषेत याहून भक्कम पुरावा मिळणं कठीण. तरी फिनिक्सने डिआंड्रे एटनला पहिलं आणि सॅक्रामेंटो किंग्जने मार्विन बॅगलीला दुसरं निवडलं. डॉन्चिच तिसऱ्या क्रमांकावर अटलांटाने घेतला आणि लगेच डॅलसला दिला. किंग्जचे प्रमुख मालक मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. 2019 मध्ये याच संघाने मुंबईत एनबीएचे भारतातले पहिले सामने खेळले. बॅगलीला किंग्जने 2022 मध्ये दुसऱ्या संघाकडे पाठवलं. डॉन्चिचने 2024 मध्ये डॅलसला अंतिम फेरीत नेलं.

मॉडेलही चुकतात. पण सरासरी पाहिली तर वरच्या क्रमांकावर निवडलेले खेळाडूच जास्त यशस्वी होतात. टिम डंकन, लेब्रॉन जेम्स, व्हिक्टर वेम्बान्यामा हे सगळे पहिलेच निवडले गेले होते. म्हणजे अंदाज निरुपयोगी नाहीत. गर्दीतले चांगले खेळाडू ते ओळखतात. त्या चांगल्यांमधला असामान्य कोण, हे मात्र त्यांच्या हाती लागत नाही.

अंदाज चुकल्याची किंमत कोण मोजतं?

संघाला पुढच्या वर्षी पुन्हा संधी मिळते. खेळाडूला बहुतेकदा मिळत नाही.

पहिल्या फेरीत निवड झाली की किमान दोन वर्षांच्या पगाराची हमी मिळते. दुसऱ्या फेरीत अशी आपोआप हमी नाही. म्हणजे 30 वा आणि 31 वा क्रमांक यांच्यात कागदावर एकाचा फरक असला, तरी तो आयुष्य बदलणारा ठरू शकतो. कॉलेजमध्ये परतायचं असेल तर खेळाडूला मे अखेरपर्यंत ड्राफ्टमधून नाव मागे घ्यावं लागतं. ती तारीख उलटली की परतीचा रस्ता साधारणपणे बंद होतो. एनबीएची एक समिती खेळाडूंना त्यांचा संभाव्य क्रमांक कळवते. पण घरच्यांच्या, मित्रांच्या आणि स्वतः खेळाडूच्या मोबाइलवर रोज दिसतात ते मॉक ड्राफ्टच. ‘पंचविसावा जाईल’ असं वाचून थांबलेला मुलगा पंचेचाळिसावा गेला, तर यादी बनवणाऱ्याचं फारसं बिघडत नाही.

हे गणित आता बदलतं आहे. 2021 पासून कॉलेज खेळाडूंना जाहिरातींतून कमाई करता येते आणि जुलै 2025 पासून कॉलेजं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. दुसऱ्या फेरीच्या आसपासचे अनेक जण आता कॉलेजमध्येच राहणं पसंत करतात. 2021 मध्ये मुदतीआधी ड्राफ्टसाठी नाव देणाऱ्यांची संख्या साडेतीनशेच्या वर होती, 2025 मध्ये ती शंभराच्या आसपास आली.

सट्ट्याचा पैसा आल्यावर

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यांना क्रीडा सट्टेबाजी कायदेशीर करण्याची मुभा दिली. त्यानंतर ड्राफ्टच्या बातम्यांवर पैसा फिरू लागला. 2022 मध्ये जबारी स्मिथ पहिला जाणार असं मानलं जात होतं. शेवटच्या काही तासांत सट्ट्याचे भाव पाओलो बँकेरोच्या बाजूने फिरले आणि बँकेरोच पहिला निवडला गेला. 2023 मध्ये उलट झालं. पत्रकार शम्स शरानिया यांनी दुसऱ्या क्रमांकासाठी स्कूट हेंडरसनचं नाव पुढे येत असल्याचं ट्वीट केलं आणि भाव झपाट्याने बदलले. प्रत्यक्षात शार्लटने ब्रँडन मिलरला निवडलं. शरानिया यांचा सट्टेबाजी कंपनी फॅनड्युएलशीही करार होता, म्हणून टीका झाली. त्यांच्याकडची बातमी आपल्याला आधी कळत नसल्याचं कंपनीने स्पष्ट केलं.

भारतीय खेळाडूचं काय?

2015 मध्ये पंजाबमधल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग 52 व्या क्रमांकावर निवडला गेला. ड्राफ्टमध्ये निवड झालेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. त्याला घेणारा संघही डॅलसच. तेव्हा त्याचं देशभर कौतुक झालं, पण एनबीएच्या मुख्य मोसमातला एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. निवड झाली म्हणजे संघात जागा पक्की, असं दुसऱ्या फेरीत तरी नसतं.

यादी वाचताना काय पाहायचं?

पुढची यादी टाइमलाइनवर आली की तीन गोष्टी तपासाव्यात. ती मॉक ड्राफ्ट आहे की बिग बोर्ड? ती लॉटरीआधीची आहे की नंतरची? आणि अंदाजामागे काही कारण दिलंय की नुसती नावं आहेत?

यादी ड्राफ्टच्या आदल्या दिवशीची असेल, तर पहिली चार-पाच नावं बऱ्यापैकी बरोबर निघण्याची शक्यता असते. पंधराव्या नावानंतर मात्र तीही सावधपणे वाचलेली बरी. योकिचचं नाव 41 वं होतं.